सायटोकाइन तेच, अवयव वेगळा: जंतुसंसर्गाचा निकाल कुठे लागतो?

लिस्टेरिया मोनोसायटोजिनिस हा जंतू उंदराच्या शेपटीच्या शिरेतून टोचला, की थोड्याच वेळात रक्त जवळजवळ स्वच्छ होतं. जंतू मेलेले नसतात. बहुतेक यकृतात अडकलेले असतात आणि उरलेल्यांपैकी बरेचसे प्लीहेत. आता हाच प्रयोग अशा उंदरात करा, ज्याचे न्यूट्रोफिल, म्हणजे संसर्गाच्या जागी आधी धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी, अँटीबॉडी देऊन आधीच संपवले आहेत. यकृतात जंतू बेसुमार वाढतात. प्लीहेत सुरुवातीच्या काळात फारसा फरक पडत नाही. कॉनलन आणि नॉर्थ यांनी १९९४ मध्ये हे दाखवलं. उंदीर एक, जंतू एक, रक्तही एकच. पण ज्या पेशीवाचून एका अवयवाचा टिकाव लागत नाही, तिच्यावाचून दुसऱ्याचं काहीच अडत नाही. या निरीक्षणावर पुढे बरीच भवति न भवति झाली, तिच्याकडे नंतर येऊ.

सायटोकाइन म्हणजे रोगप्रतिकारक पेशी एकमेकींना आणि आजूबाजूच्या ऊतींना धाडतात ते रासायनिक निरोप. त्यांची ओळख आपल्याला स्वभावासकट करून दिली जाते: टीएनएफ दाह वाढवतो, आयएल-१० तो शमवतो, इंटरफेरॉन गॅमा मॅक्रोफेजला, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशीला, चेतवतो. यात चूक काही नाही, पण हे अपुरं आहे. निरोपाचा परिणाम तो कोणाच्या हाती पडतो यावर ठरतो, आणि प्रत्येक अवयवात तो घेणाऱ्या पेशी निराळ्या असतात. त्यामुळे ‘अमुक सायटोकाइन या जंतूविरुद्ध उपयोगी की घातक?’ हा प्रश्नच अर्धा आहे. कोणता अवयव, संसर्गाचा कितवा दिवस आणि जंतू आत आला ती वाट, एवढं कळल्याशिवाय उत्तर देऊ नये.

यकृत आणि प्लीहा

यकृतात रक्त बारीक वाहिन्यांतून संथ सरकतं आणि त्या वाहिन्यांच्या आतल्या बाजूला कुप्फर पेशी, म्हणजे यकृताचे स्वतःचे मॅक्रोफेज, चिकटून बसलेले असतात. लिस्टेरियाला पहिल्यांदा पकडतात त्या याच. पण लिस्टेरियाकडे लिस्टेरिओलायसिन ओ हे प्रथिन आहे. ज्या पिशवीत त्याला कोंडलं जातं, तिला तो या प्रथिनाने भोकं पाडतो, बाहेर पेशीद्रवात येतो आणि तिथून शेजारच्या यकृतपेशीत शिरतो. यकृतपेशीचं काम चयापचयाचं. जंतू मारण्याची तिची स्वतःची तयारी तुटपुंजी असते, म्हणून तिला बाहेरून मदत लागते. न्यूट्रोफिल तिथे पोचतात, संसर्ग झालेल्या यकृतपेशी फोडतात आणि उघडे पडलेले जंतू खातात. त्यांना बोलावणाऱ्या निरोपांत आयएल-१७ए महत्त्वाचा आहे, आणि यकृतात तो सुरुवातीला तिथल्याच गॅमा-डेल्टा टी पेशी बनवतात.

यकृताची आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. संसर्गानंतर कुप्फर पेशी मोठ्या संख्येने मरतात. ही नेक्रॉप्टोसिस प्रकारची, म्हणजे पेशी फुटून आतला माल बाहेर सांडणारी मृत्यूची तऱ्हा. तिने आधी जंतुनाशक दाह पेटतो. मग यकृतपेशी आयएल-३३ सोडतात, त्यावरून बेसोफिल या पांढऱ्या पेशी आयएल-४ सोडतात, आणि रक्तातून आलेले मोनोसाइट (मॅक्रोफेज होऊ शकणाऱ्या पांढऱ्या पेशी) त्या निरोपावर वाढून मेलेल्या कुप्फर पेशींची जागा घेतात. आयएल-४ची ओळख ॲलर्जी आणि कृमींच्या संदर्भात होते. इथे मात्र तो जंतुसंसर्गानंतर घराची डागडुजी करतो. हे काम २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं.

प्लीहेत जंतू आधी मार्जिनल झोन या कडेच्या पट्ट्यातल्या मॅक्रोफेजमध्ये आणि टी पेशींना जंतूची ओळख करून देणाऱ्या डेंड्रायटिक पेशींमध्ये असतो, आणि तिथून टी पेशींच्या भागात पोचतो. इथे सगळा भार मोनोसाइटवर. अस्थिमज्जेतून सीसीआर२ या रिसेप्टरच्या, म्हणजे निरोप टिपणाऱ्या प्रथिनाच्या, आधारे बाहेर पडलेले मोनोसाइट प्लीहेत येऊन टीएनएफ आणि नायट्रिक ऑक्साइड बनवतात. टीएनएफचा पी५५ रिसेप्टर नसलेले उंदीर लिस्टेरियाने मरतात, हे १९९३ पासून माहीत आहे.

इंटरफेरॉन गॅमा: प्लीहेत नायक, फुप्फुसात?

इंटरफेरॉन गॅमा नसेल तर पेशींच्या आत राहणाऱ्या जंतूंपुढे शरीर हतबल होतं, याबद्दल वाद नाही. मॅक्रोफेजमध्ये तो नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइम वाढवतो, तसंच जंतूची पिशवी हेरून फोडणारी जीबीपी कुळातली प्रथिनं. माणसातही आयएल-१२ आणि इंटरफेरॉन गॅमा या साखळीत जन्मजात दोष असलेल्या मुलांना बीसीजी लशीतला कमजोर जंतूसुद्धा अंगभर पसरून त्रास देतो, आणि एरवी आतड्यापुरता राहणारा साल्मोनेला रक्तात उतरतो.

मग क्षयरोगात फुप्फुस वाचवणारा मुख्य घटकही तोच असणार, असं कोणीही धरून चालेल. २०१६ मध्ये उंदरांवरच्या एका कामात हा हिशोब थेट मांडला गेला: सीडी४ टी पेशी (इतर पेशींना मदत करणाऱ्या) जंतूंवर जो अंकुश ठेवतात, त्यातला किती वाटा त्यांच्या इंटरफेरॉन गॅमाचा? पहिल्या दीड महिन्यात प्लीहेत हा वाटा ८० टक्क्यांहून जास्त निघाला. फुप्फुसात जेमतेम ३० टक्के. पेशीमागे इंटरफेरॉन गॅमाचं उत्पादन दुप्पट केलं तेव्हा फुप्फुसाचं भलं झालं नाही, उलट उंदीर लवकर मेले.

मला हा सगळ्या विषयातला सर्वांत बोलका आकडा वाटतो. फुप्फुसाला जंतू मारायचाही आहे आणि श्वासही चालू ठेवायचा आहे. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा एक मायक्रॉनहूनही पातळ असतो. तिथे दाह जरा वाढला की पाणी भरतं. प्लीहेला ही अडचण नाही, ती सुजली तरी प्राण जात नाही. शिवाय फुप्फुसात सापडणाऱ्या ज्या टी पेशी भरपूर इंटरफेरॉन गॅमा बनवतात, त्यांतल्या बऱ्याच रक्तवाहिनीतच राहतात. ऊतीत शिरून क्षयाच्या गाठीपर्यंत पोचतात त्या कमी बनवणाऱ्या, पण संरक्षण जास्त देतात त्याच.

हे वेगळं करून पाहायची युक्ती सोपी आहे आणि फुप्फुसावर काम करणाऱ्या प्रत्येकाने ती वापरावी. उंदीर मारण्याआधी ३ मिनिटं पांढऱ्या पेशींवरच्या सीडी४५ला चिकटणारी, रंगद्रव्य जोडलेली अँटीबॉडी २ ते ३ मायक्रोग्रॅम शिरेतून द्यायची. तेवढ्या वेळात ती रक्तवाहिनीतल्या पेशींनाच लागते, ऊतीतल्या पेशी कोऱ्या राहतात. फ्लो सायटोमेट्रीवर (पेशी एकेक करून रंगावरून ओळखणारं तंत्र) दोन्ही गट स्वच्छ वेगळे दिसतात. वेळ मात्र काटेकोर पाळा, १० मिनिटं गेली तर ऊतीतल्या पेशीही रंगू लागतात. हृदयातून सलाइन सोडून फुप्फुस धुतलं म्हणजे रक्तातल्या पेशी गेल्या, असं समजू नका. पांढरं दिसणाऱ्या फुप्फुसातही वाहिन्यांना चिकटलेल्या पेशी भरपूर उरतात.

मोजमाप: जिथे बहुतेक गोंधळ होतो

अवयवांची तुलना करायची तर प्रत्येक अवयवातला जंतुभार विश्वासाने मोजता यायला हवा. बहुतेक चुका इथेच होतात आणि त्या पुढे जीवशास्त्र म्हणून छापल्या जातात. लिस्टेरियाचंच उदाहरण घेतो. जैवसुरक्षा पातळी २ आणि प्राणीप्रयोग नीतिसमितीची परवानगी गृहीत धरली आहे. गर्भवती किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्तीने हा जंतू हाताळू नये.

जंतू बीएचआय ब्रॉथमध्ये ३७ अंश सेल्सिअसला मध्य-वाढीच्या टप्प्यापर्यंत वाढवा, सलाइन बफरने दोनदा धुवा, २० टक्के ग्लिसरॉलमध्ये लहान नळ्यांत भरून उणे ८० अंशांवर ठेवा. आठवड्याने एक नळी वितळवून मोजणी करा. हीच तुमची खरी संख्या, गोठवण्यापूर्वीची नव्हे. समजा मिलीलिटरमागे ५० कोटी जंतू आहेत. उंदरामागे २०० मायक्रोलिटरमध्ये १० हजार द्यायचे, म्हणजे मिलीलिटरला ५० हजार हवेत. १० हजार पट पातळ करा. सी५७ब्लॅक/६ जातीच्या सुदृढ उंदराला शिरेतून हा डोस सहसा झेपतो. इंटरफेरॉन गॅमा नसलेल्याला झेपणार नाही. जंतूच्या वाणागणिक फरक पडतो, तेव्हा आपल्या वाणाचा डोस आधी पडताळा.

टोचणी संपल्यावर नळीत उरलेला द्रव फेकू नका. तो १०० पट पातळ करून १०० मायक्रोलिटर प्लेटवर पसरवा. ५० कॉलनी यायला हव्यात. ९० आल्या तर तुम्ही १८ हजार जंतू दिलेत, आणि निकालात तोच आकडा लिहायचा. एका गटाचे सगळे उंदीर आधी आणि दुसऱ्याचे नंतर, असं टोचू नका. जंतू नळीच्या तळाशी बसतात आणि तासाभरात काही मरतातही. नळी बर्फात ठेवा, दर वेळी हलवा आणि गट आलटून पालटून घ्या. शेपटी कोमट पाण्यात धरली की शीर फुगते. सुई शिरेत नसेल तर दट्ट्या जड लागतो आणि शेपटीवर पांढरा फुगवटा येतो. असा उंदीर त्याच क्षणी यादीतून काढा. तिसऱ्या दिवशी त्याच्या प्लीहेत जंतू कमी दिसले म्हणून काढणं अप्रामाणिक.

अवयव काढताना प्लीहा अख्खी घ्या आणि वजन करा. निरोगी उंदराची प्लीहा साधारण ८० ते १०० मिलिग्रॅम भरते, संसर्गात दुप्पट-तिप्पट होऊ शकते. म्हणूनच ‘ग्रॅममागे जंतू’ हा आकडा फसवतो: प्लीहा सुजली की जंतू तेवढेच असूनही ग्रॅममागची संख्या घसरते. अवयवामागची संख्या मुख्य ठेवा, वजन सोबत द्या. यकृत एक ते दीड ग्रॅमचं. त्याचा तुकडाच घ्यायचा तर दर उंदरात तोच खंड घ्या, कारण संसर्गाचे ठिपके यकृतभर सारखे विखुरलेले नसतात.

प्लीहा १ मिलीलिटर आणि यकृत ५ मिलीलिटर थंड सलाइन बफरमध्ये होमोजेनाइज करा. फिरत्या पात्याचं यंत्र असेल तर १५-२० सेकंदांच्या फेऱ्या घ्या आणि मध्ये बर्फात ठेवा, कारण पात्याच्या उष्णतेने जंतू मरतात. दोन नमुन्यांमध्ये पातं अल्कोहोलने आणि मग निर्जंतुक पाण्याने दोनदा धुवा. अल्कोहोल राहिलं तर पुढच्या नमुन्यातले जंतू मरतील, नीट धुतलं नाही तर मागचे पुढे येतील. दर पाच नमुन्यांनंतर नुसता बफर फिरवून तोही प्लेटवर लावा. त्या प्लेटवर कॉलनी आल्या तर आधीचे कमी आकडे संशयास्पद.

इथे लगद्याचे दोन भाग करायचे. पहिल्यात ट्रायटन एक्स-१०० असं मिसळा की शेवटी ०.१ टक्का होईल. त्याने उंदराच्या पेशी फुटून आतले जंतू मोकळे होतात. लिस्टेरियाला एवढं ट्रायटन सोसतं. दुसरा जंतू वापरत असाल तर तो त्यात अर्धा तास ठेवून संख्या घटत नाही ना, हे पाहून घ्या. दुसऱ्या भागात प्रोटिएज रोधक घाला, ४ अंशांवर १० हजार जी वेगाने १० मिनिटं सेंट्रिफ्यूज करा आणि वरचा निवळ द्रव सायटोकाइनसाठी गोठवा. रोधक आधी घालून मग दोन भाग करू नका. बऱ्याच तयार मिश्रणांत ईडीटीए असतो आणि काही जंतूंना तो मानवत नाही.

मोजणी अशी: प्लीहेचा लगदा दहा-दहा पट पातळ करत जा आणि प्रत्येक पायरीचे १० मायक्रोलिटरचे थेंब लावा. १०० पट पातळ केलेल्या थेंबात ४२ कॉलनी आल्या, तर ४२ गुणिले १०० गुणिले १००, म्हणजे मिलीलिटरमागे ४ लाख २० हजार. एकूण द्रव १ मिलीलिटर, म्हणून प्लीहेत तितकेच. एकही कॉलनी नसेल तर ‘शून्य’ लिहू नका. पातळ न केलेल्या लगद्याचे १०० मायक्रोलिटर लावले असतील, तर प्लीहेत १० जंतूंखालचं काही दिसूच शकत नाही आणि यकृतात ५० खालचं. ही मर्यादा आलेखावर तुटक रेघेने दाखवा. यकृत प्लीहेपेक्षा ‘स्वच्छ’ दिसतंय आणि फरक मुळात या मर्यादेचा आहे, असं फार सहज घडतं.

आकडे लॉगमध्ये बदलून तुलना करा. आणि एक सापळा ओळखून ठेवा: जनुक काढलेल्या गटातले तीन उंदीर चौथ्या दिवसापर्यंत मेले आणि पाचव्या दिवशी उरलेल्या दोघांचा जंतुभार मोजला, तर तो मजबूत दोघांचा आकडा झाला, गटाचा नव्हे. मृत्यू सुरू होण्याआधीचा दिवस निवडा. लिस्टेरियात २४ आणि ७२ तास हे दोन टप्पे पुष्कळ काही सांगतात.

सायटोकाइन मोजणाऱ्या एलायझा या अँटीबॉडीवरच्या चाचणीतही अवयवागणिक अडचणी आहेत. यकृताचा लगदा गडद असतो आणि त्यातली प्रथिनं अँटीबॉडीच्या आड येतात. ठाऊक असलेलं प्रमाण लगद्यात मिसळून ते किती परत मिळतं ते पाहा. ८० ते १२० टक्क्यांच्या बाहेर गेलं तर लगदा आणखी पातळ करा. त्याहून मोठी गोष्ट अशी, की एलायझाला दिसतं ते शिल्लक राहिलेलं सायटोकाइन. जिथे रिसेप्टर भरपूर, तिथे ते बनताक्षणी वापरलं जातं आणि आकडा कमी येतो. रक्तातल्या सीरमचा आकडा तर सगळ्या अवयवांच्या सांडलवंडीची बेरीज. त्यावरून फुप्फुसात काय चाललंय ते सांगायला जाऊ नये.

आता त्या न्यूट्रोफिलच्या वादाकडे. १९९४ च्या प्रयोगात आरबी६-८सी५ ही अँटीबॉडी होती. ती न्यूट्रोफिलवरचं एलवाय६जी हे प्रथिन ओळखते, पण एलवाय६सीलाही चिकटते, म्हणजे न्यूट्रोफिलबरोबर दाहक मोनोसाइटही जातात. पुढे केवळ एलवाय६जी ओळखणारी १ए८ आली. २०११ मध्ये दोन गटांनी ती वापरली: एकाला यकृतातली न्यूट्रोफिलची गरज पुन्हा दिसली, दुसऱ्याला न्यूट्रोफिल नसले तरी चालतं असं आढळलं. माझ्या मते यकृताचं वेगळेपण टिकून आहे, पण १९९४ च्या आकड्यांतला काही वाटा मोनोसाइट गेल्यामुळे आहे असं धरूनच ते वाचावेत. १ए८ वापरणाऱ्यांसाठी सूचना: दिलेली अँटीबॉडी एलवाय६जी झाकून टाकते, त्यामुळे त्याच क्लोनने, म्हणजे त्याच अँटीबॉडीने, तपासलं तर न्यूट्रोफिल असूनही दिसत नाहीत आणि ‘९९ टक्के काढले’ असा खोटा दिलासा मिळतो. सीडी११बी हे पेशीवरचं खुणेचं प्रथिन आणि एलवाय६सीची मध्यम पातळी यांवरून मोजा, किंवा रक्ताचा स्मिअर रंगवून डोळ्यांनी पाहा.

पेशींवरच्या प्रयोगातही असंच एक भूत आहे. मॅक्रोफेज रात्रभर इंटरफेरॉन गॅमात ठेवून संसर्ग द्यायचा, तासाभराने जेंटामायसिन हे पेशीत फारसं न शिरणारं प्रतिजैविक घालून बाहेरचे जंतू मारायचे आणि आत उरलेले मोजायचे. प्लेटमधल्या इंटरफेरॉनवाल्या खळग्यात जंतू कमी आले की ‘मॅक्रोफेजने मारले’ असं लिहिलं जातं. पण चेतवलेला मॅक्रोफेज लवकर मरतो. तो फुटला की जंतू बाहेर पडतो आणि जेंटामायसिन त्याला मारतं. दर वेळी फुटलेल्या पेशींतून सांडणारं एलडीएच हे एन्झाइम मोजून पेशी किती मेल्या ते शेजारी मांडा. विकतच्या सायटोकाइनमध्ये एलपीएसचा, म्हणजे जंतूंच्या आवरणातल्या दाहक पदार्थाचा, अंश आहे का हेही तपासा. एक भाग उकळून घ्या. सायटोकाइन निकामी होतं, एलपीएस तग धरून राहतं. उकळलेल्यानेही परिणाम दिसला तर तो सायटोकाइनचा नव्हता.

टाइप १ इंटरफेरॉन आणि आत येण्याची वाट

इंटरफेरॉन १९५७ मध्ये सापडलं ते विषाणूंच्या आड येणारा पदार्थ म्हणून, आणि नावातच ते काम चिकटलं. त्यामुळे २००४ मध्ये तीन गटांनी टाइप १ इंटरफेरॉनचा (यात अल्फा, बीटा येतात, गॅमा नाही) रिसेप्टर नसलेले उंदीर लिस्टेरियाला जास्त चांगलं तोंड देतात हे दाखवलं, तेव्हा तो अनेकांना धक्का होता. जंतू पेशीद्रवात सायक्लिक-डाय-एएमपी हा रेणू सोडतो, स्टिंग हे प्रथिन त्याने जागं होतं आणि इंटरफेरॉन बीटा बनतं. त्यातून आयएल-१० वाढतं, मॅक्रोफेजवरचा इंटरफेरॉन गॅमाचा रिसेप्टर घटतो आणि प्लीहेत लिम्फोसाइट मोठ्या प्रमाणात मरतात. म्हणजे एक इंटरफेरॉन दुसऱ्याचं ऐकूच येऊ देत नाही.

हे सगळं शिरेतून दिलेल्या जंतूचं. लिस्टेरिया खरं तर अन्नातून येतो. २०१६ मध्ये अन्नातून संसर्ग दिलेल्या उंदरांत टाइप १ इंटरफेरॉनचा हा घातक परिणाम दिसलाच नाही. शिरेतल्या प्रयोगावरून आतड्याबद्दल बोलणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं.

फुप्फुसात तर एकाच जंतूबाबत दोन्ही बाजू दिसतात. इन्फ्लुएंझानंतर न्यूमोकोकस हा न्यूमोनियाचा जंतू आला, तर आधी तयार झालेलं टाइप १ इंटरफेरॉन न्यूट्रोफिलना बोलावणारे केसी आणि एमआयपी-२ हे निरोप दाबतं आणि न्यूमोनिया बळावतो. इन्फ्लुएंझा नसताना थेट न्यूमोकोकस आला, तर तेच इंटरफेरॉन अस्तराच्या पेशींमधले सांधे घट्ट करतं आणि जंतूला रक्तात उतरू देत नाही.

आतडं

आतड्यात पेशींच्या अस्तराशी बोलणारा निरोप म्हणजे आयएल-२२. सिट्रोबॅक्टर रोडेन्शियम या उंदरांच्या आतड्यातल्या जंतूच्या संसर्गात तो नसला तर उंदीर मरतात. साल्मोनेलाबाबत मात्र हाच निरोप उलटतो. आयएल-२२मुळे अस्तर लिपोकॅलिन-२ आणि कॅलप्रोटेक्टिन सोडतं: पहिलं जंतूंचा लोह ओढणारा रेणू पकडतं, दुसरं जस्त काढून घेतं. साल्मोनेलाचा लोह ओढणारा साल्मोकेलिन हा रेणू लिपोकॅलिनच्या पकडीत येत नाही, आणि जस्त खेचायला त्याच्याकडे जोरकस पंप आहे. उपाशी मरतात ते आतड्यातले रहिवासी जंतू, आणि मोकळी झालेली जागा साल्मोनेला घेतो. या अवयवात प्रयोग करताना उंदीर कुठल्या वसाहतीतून आलेत हे निर्णायक ठरतं. काही वसाहतींत सेगमेंटेड फिलामेंटस बॅक्टेरिया असतात आणि त्यांच्यामुळेच टीएच१७ पेशी (आयएल-१७ आणि आयएल-२२ बनवणाऱ्या टी पेशी) वाढतात. जनुक काढलेले एका पुरवठादाराचे आणि सामान्य दुसऱ्याचे, अशी तुलना काहीच सिद्ध करत नाही. एकाच मादीची पिल्लं घ्या.

माणसात

स्टॅट३ जनुकातल्या दोषामुळे होणाऱ्या हायपर-आयजीई आजारात टीएच१७ पेशी बनत नाहीत. दोष साऱ्या शरीरात, पण स्टॅफिलोकोकसचा त्रास मुख्यतः त्वचेला आणि फुप्फुसाला. का? २००९ मध्ये उलगडा झाला: त्वचेच्या आणि श्वासनलिकांच्या अस्तरपेशींना न्यूट्रोफिल बोलावणारे निरोप आणि जंतुनाशक प्रथिनं बनवायला टीएच१७चे सायटोकाइन लागतातच. इतर पेशींना नेहमीचे दाहक निरोप पुरतात.

टीएनएफ रोखणाऱ्या इन्फ्लिक्सिमॅब या औषधानंतर झालेल्या क्षयाच्या ७० रुग्णांची नोंद २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या ४० जणांचा क्षय फुप्फुसाबाहेर होता आणि १७ जणांत तो अंगभर पसरलेला. एरवी क्षयात फुप्फुसाचं प्रमाण फार मोठं असतं. टीएनएफ गेला की गाठीची तटबंदी ढासळते आणि जंतू इतर अवयव गाठतो. म्हणून हे औषध सुरू करण्यापूर्वी सुप्त क्षयाची तपासणी करतात. औषध चालू असताना वजन घटलं, मानेत गाठ आली किंवा पोटात पाणी झालं, तर छातीचा एक्स-रे स्वच्छ आहे म्हणून क्षय बाजूला ठेवायचा नसतो.

टोसिलिझुमॅब हे संधिवातासारख्या दुखण्यांवरचं औषध आयएल-६चा रिसेप्टर अडवतं. सीआरपी हे दाह ओळखायला रक्तात मोजलं जाणारं प्रथिन यकृतात बनतं आणि त्यासाठी यकृतपेशीला आयएल-६चा निरोप लागतो. औषध चालू असताना तो पोचत नाही, त्यामुळे फुप्फुसात न्यूमोनिया किंवा आतड्याला छिद्र असूनही सीआरपी शून्याच्या आसपास येऊ शकतं. ताप येण्यातही आयएल-६चा हात असतो, तोही चढेलच असं नाही. अशा रुग्णात श्वासाचा वेग, नाडी, रक्तदाब आणि दुखणाऱ्या जागेची प्रत्यक्ष तपासणी यांवर भर द्यावा लागतो, रक्त कल्चरला लवकर पाठवावं लागतं आणि संशय असेल तर स्कॅन करून घ्यावा लागतो. रुग्णानेही दवाखान्यात गेल्यागेल्या या औषधाचं नाव आणि शेवटच्या डोसची तारीख सांगावी, कारण ते ठाऊक नसलेल्या डॉक्टरला तो सीआरपीचा आकडा अगदी नॉर्मल वाटेल.